म्हातारपणाच्या खात्यावर मांडलेला आजार

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण विसरभोळेपणाचा सगळा हिशेब वयाच्या खात्यावर मांडून मोकळी होते. युरोपातले वैद्यकही फार काळ याहून वेगळे बोलत नव्हते. फ्रेंच वैद्य एस्किरोल याने १८३८ च्या आपल्या ग्रंथात वार्धक्यातल्या बुद्धिभ्रंशाला स्वतंत्र जागा दिली खरी. पण त्याचे कारण सांगण्याइतकी साधने त्याच्या काळाजवळ नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनोरुग्णालयांत उपदंशातून आलेल्या वेडाचे रुग्ण मोठ्या संख्येने असत आणि अभ्यासू डॉक्टरांचे लक्ष तिकडे लागलेले असे. एखाद्या सत्तरीच्या माणसाला दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर त्याच्या मेंदूत डोकावण्याची गरज कोणाला वाटावी?

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली, तेव्हा मात्र वयाचे कारण पुढे करता येईना. ती अवघी एक्कावन्न वर्षांची होती. रेल्वेत कारकुनी करणाऱ्या नवऱ्यावर ती आधी संशय घेऊ लागली, मग स्वयंपाकात चुकू लागली, वस्तू लपवू लागली. तिला तपासणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी प्रश्नोत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली आहेत. तुमचे नाव? ऑगुस्टे. आडनाव? ऑगुस्टे. नवऱ्याचे नाव? यावर थोडा विचार, आणि पुन्हा तेच उत्तर. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात असताना त्यांनी विचारले, काय खाता? ती म्हणाली, पालक. आपणच आपल्याला हरवून बसलो आहोत, असे ती पुन्हा पुन्हा सांगे. पुढे अल्झायमर मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्यापाशी म्युनिचला गेले, तरी या बाईचा विसर त्यांना पडला नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली आणि तिचा मेंदू व कागदपत्रे म्युनिचला रवाना झाली.

इथे एका रंगाची मदत झाली. चांदीच्या क्षारांनी चेतातंतू रंगवण्याची बील्शोव्स्की यांची पद्धत तेव्हा नवीच होती. त्या रंगात अल्झायमर यांना पेशींबाहेर साचलेले ठिपके दिसले आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगनच्या सभेत त्यांनी हे मांडले. श्रोत्यांपैकी कोणी एकही प्रश्न विचारला नाही. १९०७ मध्ये त्यांचा छोटा लेख छापून आला, आणि त्याच वर्षी प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनी वृद्धापकाळी बुद्धी गेलेल्या सोळा जणांचे मेंदू तपासून बारा मेंदूंत तसलेच ठिपके दाखवले. म्हणजे एकाने पन्नाशीतल्या एका बाईत जे पाहिले, ते दुसऱ्याला सर्वसामान्य म्हाताऱ्यांत सापडले. पण १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या रोगाला सहकाऱ्याचे नाव देऊन टाकले. म्युनिच आणि प्राग यांच्यातल्या चुरशीमुळे ही घाई झाली, असा तर्क पुढे अनेकांनी केला आहे. फिशर ज्यू होते. नाझींनी त्यांना पकडले आणि १९४२ मध्ये तेरेझीनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. आज या दोघांपैकी कोणाचे निरीक्षण अधिक दूरवर पोचले असे विचाराल, तर मी फिशर यांचे नाव घेईन.

कारण त्या नामकरणाने एक विचित्र भिंत उभी राहिली. पन्नाशीत विस्मरण जडले तर तो अल्झायमर, दुर्मीळ रोग. पंच्याहत्तरीत जडले तर नुसते वार्धक्य. ही भिंत साठ वर्षे टिकली. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे ब्लेस्ड, टॉम्लिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूतले ठिपके मोजले आणि बुद्धिभ्रंशाची तीव्रता व ठिपक्यांची संख्या यांचा मेळ बसतो, असे दाखवले. १९७६ मध्ये अमेरिकी मेंदूतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात ठणकावून सांगितले, की या दोन व्याधी एकच आहेत आणि मृत्यूच्या मोठ्या कारणांत तिची गणना व्हायला हवी. एका संपादकीयाने रुग्णसंख्या लाखोंनी वाढवावी, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले असेल.

औषधांचा शोध खऱ्या अर्थाने इथूनच सुरू होतो. सत्तरीच्याच दशकात ब्रिटिश संशोधकांना आढळले, की या रुग्णांच्या मेंदूत अॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन तयार करणारी यंत्रणा दुबळी झालेली असते. मग ते रसायन मोडणाऱ्या विकराला अडवावे, ही कल्पना निघाली. १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅक्रिन यकृताला त्रासदायक ठरले. १९९६ चे डोनेपेझिल मात्र टिकले. ते जपानच्या एसाई कंपनीत हाचिरो सुगिमोतो यांच्या चमूने घडवले. पुढे रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि वेगळ्या मार्गाने काम करणारे मेमँटिन आले. या औषधांनी काही काळ लक्ष आणि स्मरण थोडे सावरते. रोग आतून पुढे सरकतच राहतो. घरच्यांना हे स्पष्ट सांगितले जात नाही, आणि मग गोळी 'लागू पडली नाही' अशी हळहळ उरते.

दुसरी वाट पुन्हा त्या चांदीत रंगलेल्या ठिपक्यांकडे वळते. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी त्यातल्या अमायलॉइड प्रथिनाची ओळख पटवली. गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा आहे, हेही त्याच दशकात कळले. १९९१ मध्ये लंडनच्या चमूला एका कुटुंबात या आजाराला कारण ठरणारा जनुकीय बदल सापडला आणि अमायलॉइड हेच मूळ, हा सिद्धान्त बळावला. त्यावर आधारलेल्या लसीची चाचणी काही रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याने २००२ मध्ये थांबवावी लागली. त्यानंतर अपयशांची रांगच लागली. २०२१ मध्ये अमायलॉइड हटवणाऱ्या अडुकॅनुमॅब या औषधाला वादग्रस्त मान्यता मिळाली. २०२४ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीनेच ते सोडून दिले. २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आले. ते अमायलॉइड खरोखर उपसते. पण औषध घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण यांच्यातला दीड वर्षानंतरचा फरक अठरा गुणांच्या मोजपट्टीवर अर्ध्या गुणाहून किंचित कमी होता. शिवाय मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याची जोखीम आहे, म्हणून वारंवार एमआरआय काढावे लागतात. याला विजय म्हणणे घाईचे होईल, आणि निरर्थक म्हणणे अन्यायाचे.

आपल्याकडे १९९२ मध्ये केरळात या रुग्णांसाठी पहिली राष्ट्रीय संस्था उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेला संस्कृत पंडित साकारला. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या नटाने ती भूमिका केली, हा चांगला योग. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना, बुद्धिभ्रंश आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा टाळता येण्याजोगे धोके मोजले; त्यांत बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा आहेत. तेव्हा घरातले कोणी रोजची वाट चुकू लागले, ठरलेला हिशेब जमेनासा झाला, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे न्या, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेतून आलेले विस्मरण औषधाने बरे होऊ शकते. कानाने कमी ऐकू येत असेल, तर श्रवणयंत्र आजच आणा.