पडद्याविना पाटी

संगणकावर चित्र काढायला शिकू पाहणाऱ्याला आज बाजारात पेनाचे दोन प्रकारचे टॅबलेट दिसतात. एक म्हणजे नुसती काळी, सपाट पाटी. तिच्यावर पेन फिरवायचं आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटलेली पाहायची. लहान आकाराची अशी पाटी तीन-चार हजार रुपयांच्या आसपास मिळते. दुसऱ्या प्रकारात पाटीलाच पडदा असतो, पेन टेकवाल तिथेच रेघ उमटते आणि किंमत कित्येक पटींनी चढते. पहिली वस्तू म्हणजे ऐपत नसणाऱ्याची तडजोड आणि दुसरी म्हणजे खरं साधन, असा समज रूढ आहे. ‘घ्यायचं तर चांगलंच घेऊ’ म्हणत खरेदी लांबत जाते आणि शिकणारं मूल तोवर माउसने रेघोट्या ओढत राहतं. हा समज इतिहासाला धरून नाही, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. बिनपडद्याची पाटी ही महागड्या टॅबलेटमधून काहीतरी काढून घेऊन स्वस्त केलेली वस्तू नव्हे. ती आधी जन्मली, प्रयोगशाळांमध्ये आणि दूरचित्रवाणीच्या स्टुडिओंमध्ये तिने उत्तम चित्रकारांचं काम केलं आणि सामान्य घरात पोहोचायला तिला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

खरं तर संगणकावर हाताने रेघ ओढण्याचे पहिले प्रयत्न पडद्यावरच झाले. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी १९५०च्या दशकात उभारलेल्या ‘सेज’ यंत्रणेत पडद्यावरच्या ठिपक्यावर रोखायची प्रकाश-बंदूक होती. १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध एमआयटीला सादर केला, त्यात टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-पेन टेकवून भौमितिक आकृत्या काढता येत होत्या. आजच्या सगळ्या रेखाटन-प्रणालींचं मूळ तिथे आहे. पण प्रकाश-पेन स्वतः काही लिहीत नाही. पडद्यावर जिथे उजेड चमकतो तिथे तो टिपतं, एवढंच. म्हणजे पेनाखाली आधी काहीतरी उजळलेलं असावं लागतं. शिवाय उभ्या पडद्यासमोर हात अधांतरी धरून तासन्‌तास काम करणं दंडाला झेपत नाही आणि तोच हात चित्राचा भाग झाकून टाकतो. पुढच्याच वर्षी, १९६४मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका येथील रँड संस्थेत माल्कम डेव्हिस आणि टी. ओ. एलिस यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी पाटी टेबलावर आडवी ठेवली आणि पडदा समोर उभा ठेवला. दहा इंच लांब-रुंद पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक रेषांचं जाळं होतं, दर इंचाला शंभर रेषा, म्हणजे दहा लाखांवर जागा एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत. प्रत्येक रेषेतून सांकेतिक विद्युत-स्पंदनं जात आणि तारेने जोडलेलं पेन ती टिपून आपली जागा संगणकाला कळवत असे. रँड टॅबलेटची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. डॉलर ४.७६ रुपयांना होता त्या काळात हे पंच्याऐंशी हजार रुपये होतात. संरक्षण खात्याच्या संशोधननिधीशिवाय असलं यंत्र कुणाच्या टेबलावर येणं शक्यच नव्हतं. हात इथे आणि नजर तिथे, ही आज ‘स्वस्ताईची गैरसोय’ मानली जाणारी रचना त्या काळी जगातल्या अतिमहाग साधनाची होती.

चित्रकारांच्या हाती ती रचना आली ती ब्रिटनमधल्या क्वांटेल कंपनीच्या ‘पेंटबॉक्स’मधून, १९८१मध्ये. वार्ताचित्रं, नकाशे, कार्यक्रमांची शीर्षकं तयार करण्यासाठी दूरचित्रवाणी केंद्रं हे यंत्र घेत. किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात. इथे पेन दाबाला प्रतिसाद देत होतं, म्हणजे हलकं टेकवलं तर फिकट आणि जोर दिला तर गडद. चित्रकार मात्र टेबलावरच्या बिनपडद्याच्या पाटीवर पेन चालवत आणि समोरच्या मॉनिटरकडे पाहत. १९८७च्या ‘पेंटिंग विथ लाइट’ या बीबीसीच्या मालिकेत डेव्हिड हॉकनी, हॉवर्ड हॉजकिन, सिडनी नोलन यांच्यासारखे, आयुष्य कॅनव्हासवर घालवलेले चित्रकार याच यंत्रापुढे बसले होते. किंमत इतकी का होती, याला तांत्रिक कारणं होतीच, पण कायदेशीरही होती. दाब ओळखणारं पेन, मऊ कडांचा कुंचला, रंगांची सरमिसळ अशा गोष्टींवर क्वांटेलने पेटंट घेतली होती. स्वस्त चित्रप्रणाली विकू पाहणाऱ्या स्पेसवर्ड या केंब्रिजच्या कंपनीविरुद्धचा खटला तिने १९९०मध्ये ब्रिटनच्या न्यायालयात जिंकला. अमेरिकेत अडोबीविरुद्ध मात्र १९९७मध्ये तिची हार झाली, कारण रिचर्ड शूप यांचा झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतला ‘सुपरपेंट’ आणि त्यासारखी १९७०च्या दशकातली कामं पुराव्यात आली. तो निकाल उलटा लागला असता तर घरच्या संगणकावर कुंचला चालवणं किती काळ महाग राहिलं असतं, याची कल्पना केली तरी पुरे.

स्वस्ताईकडे जाणारा रस्ता सरळ नव्हता. अॅपलने १९७९मध्ये ६५० डॉलरचा टॅबलेट काढला. डेव्हिड थॉर्नबर्ग यांनी शाळांसाठी आखलेला ‘कोआलापॅड’ १९८३च्या सुमारास आला. तो दोनशे डॉलरच्या आत मिळे, पण चित्र काढायची जागा जेमतेम चार इंचांची आणि दाबाची जाण शून्य. म्हणजे किंमत उतरली तसा चित्रकाराला हवा असलेला गुणही गेला. दोन्ही एकत्र आले ते जपानमधल्या वॅकॉममुळे. १९८३मध्ये सायतामा प्रांतात सुरू झालेल्या या कंपनीने पेनाची तार काढून टाकली, आणि पुढे बॅटरीही. पाटीतल्या जाळ्यातून विद्युतचुंबकीय लहर निघते, पेनातली वेटोळी तिच्याशी अनुनादित होते आणि तीच ऊर्जा परत पाठवते. टोकावर दाब पडला की अनुनादाची कंप्रता किंचित बदलते आणि त्यावरून दाब मोजला जातो. १९९९चा ‘ग्राफायर’ शंभर डॉलरच्या आत होता. याच कंपनीचा पडदा असलेला ‘सिंटिक २१यूएक्स’ २००५मध्ये आला तो सुमारे तीन हजार डॉलरला. मधल्या काळात फोटोशॉप आणि पेंटर वापरून व्यवसायाने चित्रं काढणारी एक पिढी घडली होती, आणि ती बहुतांशी बिनपडद्याच्या पाटीवर घडली होती.

यावर चित्रकलेच्या शिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे: मूल कागदावर शिकलं, हाताकडे पाहून रेघ ओढायची त्याची सवय, ती मोडून त्याला का अडखळवायचं? आक्षेप गैर नाही. पहिले काही आठवडे वर्तुळ वर्तुळासारखं येत नाही, दोन रेषा जुळत नाहीत आणि पुष्कळ जण तिथेच कंटाळतात. पण हाताकडे पाहणं हे चित्रकलेचं मूळ कौशल्य आहे, हे गृहीतक मला मान्य नाही. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना बसणारं मूल वस्तुचित्रासाठी समोरच्या तांब्याकडे किंवा खोक्याकडे पाहायला शिकतं. कागदाकडेच पाहत राहिलं तर वस्तू ‘आठवणीतली’ येते, हे कोणताही कलाशिक्षक सांगेल. अमेरिकन शिक्षक किमॉन निकोलाइडस यांच्या १९४१मध्ये निघालेल्या ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ या पुस्तकात तर कागदाकडे न पाहता बाह्यरेषा काढण्याचा सराव अगदी आरंभी दिला आहे. नजर वस्तूवर आणि हात तिच्यामागोमाग, हा सराव ज्याने केला त्याला पडद्याविना पाटी परकी राहत नाही. ती वापरताना हात चित्र झाकत नाही आणि मान खाली घालून बसावं लागत नाही, हा फायदा वर.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. खोक्यावर दाबाच्या पातळ्या छापलेल्या असतात: १९९८च्या ‘इन्टुऑस’ला १,०२४, २००९च्या चौथ्या पिढीला २,०४८, २०१७च्या ‘इन्टुऑस प्रो’ला ८,१९२, आणि आता काही टॅबलेटना १६,३८४. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला टॅबलेट, असं नवख्याला वाटणं साहजिक आहे. पण दोन हजारांपुढचा फरक हाताला क्वचितच जाणवतो. फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टींनी. किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते, तिरकी रेघ सावकाश ओढली तर ती लाटांसारखी थरथरते का आणि चालक-प्रणाली (ड्रायव्हर) संगणकाशी नीट जुळते का, यावर लक्ष ठेवावं. खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं, म्हणून शक्य असेल तिथे पेन प्रत्यक्ष चालवून पाहावं. चिनी कंपन्यांनी किमती पाडल्या तेव्हा, २०१३च्या आसपास, त्यांची अनेक पेनं चार्ज करावी लागत आणि आतली बॅटरी संपली की निकामी होत. त्या काळातली टीका रास्त होती. २०१७-१८नंतर ह्युऑन, एक्सपी-पेन यांच्या स्वस्त टॅबलेटमध्येही बॅटरीविना पेन सर्रास आलं, त्यामुळे ती टीका आजच्या मालाला लागू करणं योग्य नाही. जुना, चार्जिंगच्या पेनाचा माल मात्र फार स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

सगळ्यांत जड आक्षेप संगणकाचा आहे, आणि तो मी खोडू शकत नाही. तीन हजारांच्या पाटीला तीस-चाळीस हजारांचा संगणक लागतो. ज्या घरात तो नाही तिथे स्वस्ताईचा हा सगळा हिशेब कोलमडतो. अनेक लहान टॅबलेट आता अँड्रॉइड फोनला जोडता येतात, पण फोन उभा धरला तर बऱ्याचदा पाटीचा एक अरुंद पट्टाच कामी येतो. फोनवरच शिकायचं असेल तर खरेदीआधी ही गोष्ट विचारून घ्यावी. संगणक घरात असेल तर क्रितासारखी फुकट चित्रप्रणाली आणि सहा इंच बाय चार इंचांची पाटी सुरुवातीला पुरते. फक्त पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन पाटीच्या कामाच्या जागेचं प्रमाण पडद्याच्या प्रमाणाशी जुळवून घ्यावं. ते जुळलेलं नसेल तर हात गोल फिरतो आणि पडद्यावर लंबवर्तुळ उमटतं, आणि शिकणारा दोष स्वतःच्या हाताला देत राहतो.