पीप्सची गिटार

दिवसभराच्या कामानें शिणलेलें मन एखाद्या वाद्याच्या तारांवर मोकळें करावें, ही ओढ आजची नव्हे. इंग्लंडच्या आरमाराचा कारभार पाहणारा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याचें चरित्र पाहावें.

गिटारीशीं त्याची एक जुनी गांठ मोठी मौजेची आहे. 1660 सालीं दुसरा चार्ल्स स्वदेशीं परतला, तेव्हां राजाची गिटार लंडनला पोंचविण्याचें काम पीप्सकडे आलें. ज्याच्या हातीं ती दिली तो माणूस वाटेंत दिसेना, आणि पीप्स हवालदिल झाला! पुढल्याच वर्षीं रोजनिशींत त्यानें या वाद्याला क्षुल्लक खेळणें ठरविलें. ल्यूट वाजविणाऱ्या रसिकाला तें हलकें वाटावें यांत नवल नाहीं.

परंतु 1673 मध्यें तो आरमारखात्याचा चिटणीस झाला. कामाचा बोजा वाढला, डोळे तर आधींच अधू. त्या दिवसांत त्यानें सेझारे मोरेली हा गवई पदरीं ठेवला. मोरेलीनें त्याच्यासाठीं गिटारीच्या साथीसह गाणीं लिहिलीं. तारांवर बोटें कशीं ठेवावीं याचा तक्ताही करून दिला.

हाच विरंगुळा अंगाशीं आला. मोरेली कॅथलिक होता, आणि 1678 च्या कथित कॅथलिक कटाच्या अफवेनें लंडन बिथरलें होतें. असा माणूस घरांत बाळगणें संशयास पुरेसें झालें. 1679 च्या मे महिन्यांत राजद्रोहाच्या आरोपावरून पीप्सला टॉवरमध्यें कोंडण्यांत आलें. 1680 मध्यें आरोप सोडून देण्यांत आले.

तीं बाडें मात्र त्यानें टाकलीं नाहींत. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजांतील त्याच्या ग्रंथालयांत तीं आजही आहेत. छंदाला कोणी खेळणें म्हणो. ज्याला त्याची गरज पडते, त्यालाच त्याचें मोल कळतें.