फुलझाडाचा पाचोळा

अंगणातला बहावा फुलला म्हणजे रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही क्षणभर थांबतो. परंतु त्याच बहाव्याची पाने झडू लागली की घरात कुरबूर सुरू होते. रोज झाडायचे कोणी, कचरा टाकायचा कोठे, शेजाऱ्यांची समजूत घालायची कशी, या प्रश्नांपुढे पुष्कळदा झाडच हरते आणि त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाड पडते. स्वच्छता आणि झाड यांचे असे वैर खरोखरच आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास इंदूरइतके योग्य शहर दुसरे नाही. कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शहरात ते एकदा नव्हे, दोनदा दिले गेले आहे.

पहिले उत्तर पॅट्रिक गेडीस यांचे. हे स्कॉटिश गृहस्थ नगररचनाकार म्हणून प्रसिद्ध असले, तरी मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने त्यांना इंदूरच्या सुधारणेसाठी पाचारण केले, तेव्हा शहर प्लेगाने गांजले होते. गेडीस यांनी एक दिवाळी निवडली, आणि जो भाग घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ करील तेथून मिरवणूक जाईल, असे जाहीर केले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा उंदीर यांच्या प्रतिमा होत्या. शेवटी त्यांचे दहन झाले. तथापि गेडीस दहनावर थांबले नाहीत. त्याच मिरवणुकीत फळाफुलांचे देखावे होते आणि घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. घाण जेथून हलवायची, तेथे काही तरी लावायचे, हा त्यातील बोध होता.

1918 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडांच्या अहवालात हाच विचार विस्ताराने आला आहे. युरोपातील शहरे सर्व काही गटारात लोटतात. हिंदुस्थानातील खेड्यांची जुनी रीत मात्र सर्व काही मातीला परत देण्याची आहे, आणि इंदूरने ती सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. बाग ही त्यांच्या दृष्टीने चैनीची वस्तू नव्हे. शहराने टाकून दिलेले जेथे पुन्हा जीव धरते, ती जागा म्हणजे बाग.

विचार सुंदर खरा. पण तो कृतीत आणायचा कसा? हे दुसरे उत्तर अल्बर्ट हॉवर्ड यांनी दिले. 1924 साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था स्थापन झाली. होळकर दरबाराने तिला 300 एकर जमीन दिली. हॉवर्ड, त्यांच्या विदुषी पत्नी गॅब्रिएल आणि रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांनी तेथे कापसाबरोबरच उकिरड्याचाही अभ्यास केला. 1931 साली हॉवर्ड आणि वाड यांचे पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धती’ हे नाव जगभरच्या मळ्यांतून पोहोचले. 1934 साली जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धती वस्तीतील केरकचऱ्यालाही लागू करून दाखविली.

या पद्धतीत गूढ असे काहीच नाही. सुका पाचोळा एकटा लवकर कुजत नाही, कारण त्यात कर्ब फार आणि नत्र थोडे. त्यास शेणाची व गोमूत्राने भिजलेल्या मातीची जोड द्यावी लागते. आंबटपणा मारण्यासाठी थोडी लाकडाची राख लागते. आणि पाणी व हवा ही दोन्ही बेताने हवीत. पाणी अधिक झाले की ढीग नासून दुर्गंधी सुटते, कमी झाले की तो नुसता वाळतो. म्हणूनच ढीग पंधरवड्याने, पुढे महिन्याच्या अखेरीस व नंतर दोन महिन्यांनी असा तीन वेळा वरखाली करावयाचा. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होते.

हा हिशेब अंगणातल्या झाडाला किती सोयीचा आहे पाहा. फाल्गुनात गळलेला पाला मृगाच्या पावसापर्यंत खत होऊन बसतो, आणि रोप लावण्याची वेळही नेमकी तीच.

माळव्याच्या काळ्या जमिनीला या खताची गरजही मोठी. ती जमीन पावसात फुगते व चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत नुसता खड्डा खणून रोप ठेवले, तर पावसाळ्यात मुळे गुदमरतात आणि वैशाखात भेगांनी तुटतात. खड्डा ऐसपैस घ्यावा, मातीत मुरूम व कुजलेले खत मिसळावे, बुंध्याशी जमीन किंचित उंच ठेवून आळे त्याच्या बाहेर करावे, आणि त्यावर पाचोळ्याचा थर पसरावा. रोपाभोवती हिरवळ वाढू देऊ नये. इंदुरास येण्यापूर्वी पुसा येथे हॉवर्ड यांनी फळझाडांची मुळे उकरून पाहिली होती. गवताखाली कोवळ्या झाडांची वाढ कशी खुंटते, हे त्यांनी तेथेच दाखविले.

झाडाची निवड जागा पाहून करावी. गुलमोहर मादागास्करचा पाहुणा. त्याची मुळे उथळ पसरतात, म्हणून तो भिंतीपासून दूर बरा. लहान अंगणास पारिजातक किंवा कांचन शोभतो. बहावा तर इथलाच. हिंदी शेजारी त्यालाच अमलतास म्हणतात.

2017 पासून इंदूरने देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे मान मिळविला, आणि 2022 साली तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू व खत करणारा मोठा कारखानाही सुरू झाला. हे गौरवास्पदच आहे. परंतु अंगणातल्या पाचोळ्याला इतका लांबचा प्रवास करण्याचे कारण नाही. घराचा एक कोपरा, थोडे शेण आणि तीन महिन्यांचा धीर त्यास पुरतो. हे ज्या घरी उमगले, तेथे बहाव्याची पाने गळू लागली म्हणून कोणी कुऱ्हाड शोधीत नाही. पुढच्या वैशाखातील फुलांची ती बेगमी आहे, हे तेथील मुलांनाही ठाऊक असते.