वैशाखाचें ऊन आणि अंगणांतील झाडें

लातूर जिल्ह्यांत, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या देवणीचें नांव तेथील काळ्या-पांढऱ्या जातिवंत गुरांमुळें दूरवर पोंचलें आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख बीदर जिल्ह्यांत मोडत असे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. जिल्हे बदलले, राज्यें बदललीं. वैशाखाचा ताप मात्र चुकला नाहीं. उष्णतामान ४० अंशांपलीकडे जातें, काळी जमीन भेगाळते आणि त्या भेगांत झाडांचीं कोंवळीं मुळें तुटतात. अंगणांतील जास्वंद भर दुपारीं मान टाकते आणि सांज होतांच पुन्हां सावरते. ज्या दिवशीं ती सांजेलाहि सावरत नाहीं, त्या दिवसापासून घरच्या माणसांना चिंता पडते.

झाड उन्हानें जळतें, असें आपण सहज म्हणतों; परंतु बहुधा तें तहानेनें मरतें. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ निघून जाते, तेव्हां पान थंड राहतें. मुळांकडून पुरेसें पाणी आलें नाहीं, कीं झाड हीं रंध्रें मिटून घेतें. मग पाणी वांचतें, पण पान तापूं लागतें आणि त्याच्या कडा करपतात. हा खर्च केवढा असतो, हें स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें १७२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. कुंडींतील मातीवर शिशाचा पत्रा झांकून त्यानें सुमारें साडेतीन फूट उंचीचें सूर्यफूल रोज तोललें. बारा तासांत तें झाड सरासरी सव्वा पौंड पाणी हवेंत सोडीत असल्याचें त्याला आढळलें.

सर्व झाडें सारखीं उधळीं नसतात. कण्हेरीच्या जाड पानांतील रंध्रें केसाळ खळग्यांत दडलेलीं असतात, म्हणून कोरड्या वाऱ्यांतहि ती तग धरते. कोरफड आपलीं रंध्रें रात्रीं उघडते आणि दिवसां मिटून बसते. अळू आणि केळ यांना हें साधत नाहीं. म्हणूनच जुन्या घरांत त्यांची जागा मोरीच्या सांडपाण्यापाशीं ठरलेली असे.

भारतीयांनीं या गोष्टीचा विचार फार पूर्वीं केला होता. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत लावलेल्या झाडांना उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिंवाळ्यांत एक दिवसाआड आणि पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां पाणी द्यावें, असें सांगितलें. त्यांत दुपारचें नांव नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. महाराष्ट्रांतील गृहिणी तर वैशाखांत तुळशीवर गळती लावीत आल्या आहेत. मडक्याच्या बुडाशीं बारीक भोंक पाडावें, त्यांत सुताची वात बसवावी आणि तें मडकें तिवईवर ठेवावें; मग थेंब थेंब पाणी दिवसभर मुळाशीं पडत राहतें. हेतु पुण्याचा असला, तरी परिणाम शेतीशास्त्राचा होता. एकदम ओतलेल्या तांब्याचें पाणी भेगांतून खोल निसटतें. थेंबांचें पाणी मुळांपाशींच मुरतें. १९६५ नंतर इस्रायलांतून जगभर गेलेलें ठिबक सिंचन याच तत्त्वावर चालतें.

या काटकसरीचें मोल २०१६ च्या उन्हाळ्यांत उमगलें. मांजरा धरण कोरडें पडलें, लातूर शहरांत पाणी भरण्याच्या जागीं जमावबंदी लागू झाली आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून आलेल्या पहिल्या आगगाडीनें दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आणलें. माणसाच्या घशाला जेथें पाणी मोजून मिळतें, तेथें मोगऱ्याला तें घालावें कसें? प्रश्न कठोर आहे, आणि बागेची हौस म्हणून तो हंसून टाळतां येत नाहीं. माणसाचा हक्क पहिला, यांत वाद नाहीं. परंतु तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी मुळाशीं घालणें, वाळलेल्या पाचोळ्यानें माती झांकणें, कुंड्या भिंतीच्या सावलींत एकत्र ठेवणें आणि एका मडक्याची गळती लावणें, एवढें केल्यानें कोणाच्या घशाचा घोट हिरावला जात नाहीं.

मृगाचा पाऊस आला, कीं वरून वाळलेल्या मोगऱ्याच्या बुडाशीं पुष्कळदां नवा धुमारा फुटतो. मूळ जगलें असेल, तरच तो फुटतो; आणि तें मूळ जगविण्याचें काम वैशाखांतच करावें लागतें.