बिनशेपटीच्या मांजराची कुळकथा

आपल्या मराठीने शेपटीला मोठा मान दिला आहे. भ्याला तो शेपूट घालतो. लांबत गेलेल्या कामाचे मारुतीचे शेपूट होते. मग ज्याला जन्मतःच शेपूट नाही, त्याने घालावे तरी काय? अशा एका मांजराच्या कुळाची ही हकीगत.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात मॅन नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे 572 चौरस किलोमीटर. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अशी 16 बेटे सहज मावतील. तिथली पुष्कळ मांजरे बिनशेपटीची. लोक सांगतात, नोहाच्या तारवात हे मांजर सर्वांत शेवटी चढले आणि लागत्या दारात त्याची शेपटी तुटली. कोणी म्हणतात, 1588 मध्ये फुटलेल्या स्पॅनिश गलबतावरून ते पोहत आले. कथा मौजेच्या खऱ्या. पण दारात तुटलेली शेपटी पिलांत उतरत नाही. कारण रक्तातच आहे. केव्हातरी एका मांजराच्या जनुकात बदल झाला आणि पाण्याने वेढलेल्या चिमुकल्या बेटात तो पसरला. आमच्या मोकळ्या मुलखात, चहूदिशांनी येणाऱ्या बोक्यांच्या गर्दीत, हे वेगळेपण विरळ होऊन गेले असते.

डार्विनने 1868 मध्येच नोंदले होते, की या मांजरांचे मागचे पाय लांब, डोके वेगळ्या मापाचे आणि सवयीही निराळ्या असतात. पुढे 1960 च्या दशकात कॅनडात अशा मांजरांना लांब केसांची पिले होऊ लागली. लांब केस आई आणि बाप दोघांकडून यावे लागतात, म्हणून ती एरवी क्वचितच दिसत. हौशी लोकांनी ती निवडून वाढवली आणि वेल्स देशाच्या तिथल्या भाषेतील नावावरून 'किम्रिक' हे नाव दिले. जन्म कॅनडाचा, आजोळ मॅनचे, नाव वेल्सचे!

स्वभावाने हे मांजर शांत आणि माणसाळू. धन्याच्या मागे कुत्र्यासारखे हिंडते, फेकलेली वस्तू उचलून आणते. शेपटीविना त्याचा तोल जाईल असे वाटावे, तर मागच्या दणकट पायांवर ते उंच उडी घेते. उंदीर धरण्यात तर ते नामांकित.

पण या रूपाची किंमत जबर आहे. आईबाप दोघांकडून बिनशेपटीचे जनुक आले, तर पिलू गर्भातच दगावते. एकाकडूनच आले तरी काहींचा कणा अपुरा राहतो, मागचे पाय लुळे पडतात. हे जनुक कोणते, ते 2013 मध्ये ठरले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर त्याच जनुकातल्या दुसऱ्या एका बदलाकडे बोट दाखवले : सुमारे 2.5 कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांची शेपटी बहुधा त्यानेच गेली. म्हणजे हे मांजर आपले तसे दूरचे समदुःखीच.

म्हणूनच जाणते लोक बिनशेपटीच्या मांजराची जोडी शेपटीवाल्याशी जमवतात. ज्वारीच्या कणग्यांपाशी शेपटी उभारून हिंडणाऱ्या आमच्या गावठी मांजरीला कोणी प्रदर्शनात बक्षीस देणार नाही. परंतु तिच्यासारख्या शेपटीवालीच्या आधारावाचून त्या रूपवान कुळाचा पाळणा सुखरूप हलत नाही, एवढे मात्र खरे.