जुना रेंजफाइंडर कॅमेरा: लेन्स आणि व्ह्यूफाइंडर यांची निवड कशी करावी?

मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावर सुरत सोडून तापी ओलांडली की उत्राण लागते आणि त्यापुढचे स्थानक कोसाड. या परिसराची ओळख असलेला उत्राण वीजकेंद्राचा ८५ मीटर उंचीचा शीतक मनोरा मार्च २०२३ मध्ये नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला. आता तो केवळ छायाचित्रांतच उरला आहे. घरोघरी पेटीत ठेवलेल्या जुन्या कॅमेऱ्यांचे महत्त्व अशा वेळी ध्यानात येते आणि त्याबरोबरच एक सावधगिरीही आवश्यक ठरते. न जुळणारी लेन्स लावून घेतलेले छायाचित्र अंधुक आले, तर दृश्य पुन्हा मिळेलच असे नाही.

सुरत परिसरात खान्देशातून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे असोत वा गोव्यातील जुनी घरे असोत, आजोबांच्या काळातील लायका, झोर्की, कीव किंवा कॅनन कॅमेरा हाती आलेली तरुण मंडळी आज पुन्हा फिल्मकडे वळताना दिसतात. पहिली अडचण येते ती लेन्सची. मूळ लेन्स हरवलेली असते किंवा तिच्यावर बुरशी चढलेली असते. बाजारात ‘हिला बसेल’ असे सांगून दिलेली लेन्स बसतेही. पण बसणे आणि जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

चूक दिसत का नाही?

एसएलआर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधूनच दृश्य पाहतो. लेन्स चुकीची असेल, तर ते तत्क्षणी कळते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तसे नसते. दृश्य वेगळ्या खिडकीतून दिसते आणि अंतर दोन प्रतिमा एकमेकींवर आणून मोजले जाते. खिडकीतील चित्र नेहमीच स्वच्छ असते; लेन्सवरचे झाकण काढायचे राहून गेले, तरी ते तसेच दिसते. त्यामुळे न जुळणाऱ्या लेन्सचा दोष फिल्म धुऊन झाल्यावरच उघड होतो. म्हणूनच निवडीच्या वेळी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. लेन्स यांत्रिकदृष्ट्या बसते का? फिल्मपासून ती योग्य अंतरावर राहते का? रेंजफाइंडरला ती योग्य माहिती देते का? आणि तिची चौकट कोठे पाहावयाची?

माउंट: आटे सारखे, अंतर वेगळे

लायकाने १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणला आणि १९३१ मध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी असे निश्चित केले. ३९ मिमी व्यासाच्या आट्यांचा हा माउंट पुढे अनेकांनी स्वीकारला. फेड आणि झोर्की हे सोव्हिएत कॅमेरे तसेच कॅननचे युद्धोत्तर रेंजफाइंडर याच परंपरेतील होत. म्हणून कॅननची लेन्स लायकावर आणि झोर्कीची लेन्स कॅननवर सामान्यतः बसते. मात्र युद्धपूर्व फेड आणि अगदी आरंभीचे कॅनन यांचे आटे किंचित भिन्न आहेत. आटा अडत असेल, तर जोर लावू नये.

येथेच सर्वांत मोठा धोका आहे. झेनिट या सोव्हिएत एसएलआर कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सनाही ३९ मिमीचाच आटा आहे. परंतु त्या फिल्मपासून ४५.२ मिमी अंतरासाठी घडवलेल्या आहेत. अशी लेन्स झोर्कीवर सहज फिरून बसते आणि कोणत्याही अंतरावरचे चित्र स्पष्ट देत नाही. छायाचित्रे मोठी करण्याच्या एनलार्जरच्या लेन्सही याच आट्याच्या असतात. त्यांना स्वतःची फोकस करण्याची यंत्रणाच नसते.

१९५४ च्या लायका एम ३ पासून बायोनेट माउंट आला. त्याचे अंतर २७.८ मिमी, म्हणजे आधीच्यापेक्षा बरोबर एक मिमी कमी. त्यामुळे एक मिमी जाडीची अडॅप्टर कडी लावून जुनी आट्यांची लेन्स एम कॅमेऱ्यावर वापरता येते; उलट प्रकार मात्र शक्य नाही. कडी निवडतानाही लेन्सचे नाभीय अंतर पाहावे लागते, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये कोणती चौकट उमटेल हे कडीवरच ठरते.

झाइस इकॉनचा काँटॅक्स आणि त्याच्याच यंत्रसामग्रीतून युद्धानंतर जन्मलेला कीव यांची व्यवस्था निराळी आहे. त्यात ५० मिमी लेन्स आतल्या बायोनेटवर बसते व फोकसची यंत्रणा कॅमेऱ्यातच असते. अन्य लेन्स बाहेरच्या बायोनेटवर बसतात. निकॉनचा रेंजफाइंडर माउंट दिसायला तसाच आहे, परंतु फोकसचे गणित किंचित वेगळे आहे. ३५ मिमी वा त्याहून रुंद लेन्सच्या बाबतीत हा फरक खपून जातो. ५० मिमी आणि त्यापुढील लेन्समध्ये तो छायाचित्रात उतरतो.

रेंजफाइंडरशी जुळणी

आट्यांच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागील कडे आत-बाहेर सरकते आणि कॅमेऱ्यातील एक छोटी दांडी त्या कड्याला टेकून अंतर ‘वाचते’. लायकात या दांडीच्या टोकाला गोल चाक असते. फेड आणि झोर्की यांत पाचरीसारखा तुकडा असतो. ज्या लेन्सना पूर्ण कड्याऐवजी केवळ उतरता पट्टा असतो, अशा काही दूरदर्शी लेन्स सोव्हिएत कॅमेऱ्यावर नीट टेकत नाहीत.

हीच खूण आणखी एका कामी येते. जुन्या बाजारात फेड वा झोर्कीवर ‘लायका’ अशी अक्षरे कोरून विकण्याचा प्रकार जगभर चालत आला आहे. लेन्स काढून आत पाहावे. गोल चाकाऐवजी पाचर दिसली, तर लायकाची किंमत मोजू नये.

ज्युपिटर-३ आणि ज्युपिटर-८ या सोव्हिएत लेन्स झाइसच्या सोनारवरून घडवलेल्या आहेत. त्या लायकावर बसतात. परंतु छिद्र पूर्ण उघडून जवळचा चेहरा टिपताना फोकस थोडा पुढे-मागे जाऊ शकतो. छिद्र एफ ५.६ किंवा एफ ८ वर आणल्यास ही उणीव झाकली जाते. ज्युपिटर-१२ या ३५ मिमी लेन्सचे मागील भिंग कॅमेऱ्यात खोलवर शिरते, म्हणून ती अनोळखी कॅमेऱ्यावर बसवताना अतिशय हळुवारपणे फिरवावी.

लेन्स जितकी दूरदर्शी, तितकी अचूक मोजणी लागते आणि ती रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधील अंतरावर व दृश्याच्या विवर्धनावर अवलंबून असते. लायका ३ ए मध्ये हे अंतर ३९ मिमी व विवर्धन दीडपट आहे. एम ३ मध्ये ६८.५ मिमी व ०.९१ पट, काँटॅक्स २ मध्ये अंतर सुमारे ९० मिमी. विवर्धन नसलेल्या, आखूड अंतराच्या कॅमेऱ्यावर १३५ मिमी लेन्स पूर्ण उघडून वापरणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे होय.

व्ह्यूफाइंडर कोणता?

आट्यांच्या बहुतेक लायकांत, झोर्की-४ मध्ये आणि कीवमध्ये कॅमेऱ्याची खिडकी केवळ ५० मिमी लेन्सचे दृश्य दाखवते. ३५ मिमी लेन्स सुमारे ६३ अंशांचे दृश्य टिपते, ५० मिमी सुमारे ४७, ९० मिमी सुमारे २७ आणि १३५ मिमी सुमारे १८ अंशांचे. म्हणजे ५० मिमीच्या खिडकीतून पाहून १३५ मिमीने चित्र घेतल्यास दृश्याचा बराचसा भाग फिल्मवर येणारच नाही.

यावर उपाय दोन. पहिला, चौकटी अंगभूत असलेला कॅमेरा. एम ३ मध्ये ५०, ९० व १३५ मिमीच्या, एम २ मध्ये ३५, ५० व ९० मिमीच्या, तर कॅनन पी मध्ये ३५, ५० व १०० मिमीच्या चौकटी आहेत. दुसरा, कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेत बसवायचा स्वतंत्र व्ह्यूफाइंडर. एकाच नाभीय अंतराचा, उजळ चौकटीचा व्ह्यूफाइंडर सर्वांत स्पष्ट दिसतो आणि चष्मा लावणाऱ्यांना सोयीचा पडतो. अनेक लेन्स असतील, तर लाइट्झचा ३५ ते १३५ मिमीचा फिरवून बदलता येणारा प्रकार किंवा २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ मिमी दाखवणारा सोव्हिएत फिरत्या चकतीचा प्रकार उपयोगी ठरतो. कॅनन ७ मध्ये पाच नाभीय अंतरांच्या चौकटी आहेत. परंतु माथ्यावर खाचच नाही. रुंद लेन्ससाठी बाहेरचा व्ह्यूफाइंडर घेण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर असतो, म्हणून जवळच्या विषयात डोक्यावरचा भाग कापला जातो. चांगल्या व्ह्यूफाइंडरला अंतरानुसार झुकवण्याची तरफ वा चकती असते. ती फिरते का आणि काच पिवळी वा धुरकट झाली आहे का, हे घेण्यापूर्वी पाहावे.

पैसे देण्यापूर्वी

लेन्स अनंतावर आणून दूरच्या वस्तूकडे पाहावे. दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावरून दिसणारा आग्वादचा किल्ला यासाठी पुरेसा दूर आहे. कोसाडसारख्या ठिकाणी दूरची पाण्याची टाकी चालेल. नंतर एक मीटरवर ठेवलेली पट्टी मोजावी. ज्या कॅमेऱ्याची पाठ उघडते, त्यात शटर ‘बी’वर उघडे ठेवून फिल्मच्या जागी पारदर्शक खरखरीत पट्टी ताणल्यास प्रतिमा प्रत्यक्ष दिसते. तळातून फिल्म भरायच्या लायकात हे शक्य नसते. तेथे एक फिल्म चाचणीसाठी खर्च करावी. झोर्की-४ तपासताना शटर ताणल्यावरच वेग बदलावा, अन्यथा यंत्रणा बिघडते.

लेन्सच्या आत टॉर्चचा प्रकाश टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे शोधावेत. ती बुरशी होय. गोव्याची आणि दक्षिण गुजरातची दमट हवा तिला पोषक आहे. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. तेव्हापासून बंद पडलेला कॅमेरा असेल, तर आटे व पडदे यांवरील गंज आवर्जून पाहावा. घेतलेली लेन्स चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी.

नवशिक्याने प्रथम कॅमेऱ्याच्याच घराण्यातील ५० मिमी लेन्स घ्यावी. तिला वेगळा व्ह्यूफाइंडर लागत नाही आणि रेंजफाइंडर बरोबर आहे की नाही, हे तिच्यावरूनच समजते. दोन फिल्म समाधानकारक आल्यानंतर ३५ मिमी लेन्स आणि तिचा व्ह्यूफाइंडर एकत्रच विकत घ्यावेत. घरातील लग्न किंवा पाडले जाणार असलेले जुने घर यांसाठी मात्र न तपासलेली लेन्स कधीही नेऊ नये.