नायगावचे अभयदान

सावित्रीबाई फुले यांनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेले पत्र धम्माच्या अभ्यासकांनीही वाचावे असे आहे. गणेश नावाचा ब्राह्मण गावोगाव फिरून धार्मिक विधी व भविष्य सांगून उपजीविका करी. शारजा नावाच्या महार मुलीशी त्याचे प्रेम जडले. ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे कळताच खवळलेल्या लोकांनी दोघांना पकडले, गावातून धिंड काढली व ठार मारण्याचा बेत केला.

हे समजताच सावित्रीबाई तेथे धावून गेल्या. त्यांच्यापाशी साधन एकच होते : खुनाला इंग्रजी कायद्यात काय शिक्षा आहे, याचे भान. ते त्यांनी जमावाला करून दिले. जमाव वरमला. दोघांचे प्राण वाचले. गाव मात्र त्यांनाच सोडावे लागले. सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे धाडले.

आंतरजातीय विवाह हाच जातिनिर्मूलनाचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने अशा विवाहांना आधार दिला. तरीही तथाकथित प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्या थांबलेल्या नाहीत आणि त्या पुष्कळदा चारचौघांच्या देखत होतात.

प्राणिहत्येपासून विरत राहणे हे आपले पहिले शील होय. परंतु डोळ्यांदेखत दुसऱ्याचा घात होत असता स्वस्थ उभे राहणाऱ्याचे शील अखंड राहिले असे म्हणता येईल काय? तथागतांची अहिंसा मैत्रीवर अधिष्ठित आहे; आणि मैत्रीला बघ्याची भूमिका मान्य नाही.